पायापुरती वाट

लवूकाकांनी परवानगी दिली होती ती पायांना, चाकांना नाही. हे माझ्या लक्षात आलं शनिवारी दुपारी, खेळाडूंच्या ग्रुपवरचे फोटो बघताना. रविवारी सकाळी स्पर्धेला आलेल्या चोवीस माणसांचा चहा उकळतानाही मी त्या चाकांचाच हिशेब करत होते.

आमच्या मिठबावच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, आम्ही डिस्क गोल्फचा कोर्स केलाय. खेळ सोपा आहे. ताटलीएवढी प्लास्टिकची डिस्क फेकायची आणि लांबच्या लोखंडी टोपलीत पाडायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात, डिस्क त्यांना आपटून आत पडते. ज्याला सगळ्यात कमी फेकी लागल्या तो जिंकला. अशा नऊ टोपल्या. पण एका डिस्कवर कुणाचं भागत नाही. एक लांब जाते, एक डावीकडे वळते, एक वाऱ्यात तग धरते. एकेकाकडे वीस-वीस, वर पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, छत्री. सुरुवातीला जे खेळायला आले ते सगळे हा संसार पाठीवरच्या पिशवीत घेऊन आले. आता फोटोत अकरा जणांकडे दोन चाकांच्या गाड्या होत्या, मागून ओढायच्या.

नऊच्या नऊ टोपल्या आमच्याच जमिनीत असत्या तर मला काय पडलं होतं? पण कोकणात सलग जमीन कुणाच्या नशिबी असते! वाटण्या अशा झाल्या की सहा टोपल्या आमच्या तुकड्यात, मग साठ पावलांची पट्टी लवूकाकांची, आणि त्यापलीकडे आमच्याच दुसऱ्या तुकड्यात उरलेल्या तीन. काका माझे चुलत सासरे. पंच्याहत्तरी उलटलेला एकटा माणूस. दोन वर्षांपूर्वी मी नारळ आणि पेढे घेऊन त्यांच्या पायरीवर गेले, तेव्हा त्यांनी पेढे बाजूला ठेवले आणि म्हणाले, "पायान जावा. माका काय? पण चाक नको हां." मी हसले होते. सड्यावर बैलगाडी कोण आणणार आहे, असं मनात म्हटलं आणि 'व्हय काका' म्हणून मोकळी झाले. आता त्या हसण्याची मला लाज वाटत होती.

काकांनी वाट बंद केली तर कोर्स सहाव्या टोपलीशी संपला. कोर्स संपला की आमच्या पाहुण्यांसाठीच्या तीन खोल्या ओस, कारण आमच्याकडे माणसं समुद्र बघायला येत नाहीत, समुद्र सगळ्या गावाकडेच आहे. आणि खोल्या ओस म्हणजे रविराज परत मुंबईला. सतरा वर्षं मी चतुर्थी-शिमग्याचा नवरा सांभाळलाय. आता कुठे रोज रात्री शेजारी घोरणारा माणूस मिळालाय. त्याला मी पुन्हा मुंबईच्या गाडीत बसवून देणार नव्हते.

रविराज पहाटेच कुडाळ स्टेशनवर गेला होता, दुपारच्या फेरीला येणाऱ्या तिघांना आणायला. त्यामुळे काकांना तोंड द्यायला मी एकटी. मी जाऊन खरं ते सांगितलं.

"गाडये आसत काका, ल्हान. खेळण्यासारखे."

"चाक ल्हान असला म्हणान चाक नाय काय?" काका म्हणाले. "आज चाक गेला की उद्या रस्तो झालो. परवा सातबाऱ्यार चढतलो."

"उचलून न्हेल्यानी तर?"

काकांनी बोट वर केलं. "उचला. पण जमनीक टेकवचा नाय."

मी तशीच धावत वर आले आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं. बाहेरच्या माणसांना भाऊबंदकी समजावणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं. कुणी हसलं, कुणी कपाळाला हात लावला. पण कबूल सगळ्यांनी केलं.

"म्हणून मी सांगतो, पिशवी ती पिशवी," सर्वेश म्हणाला. हा पणजीचा, उंच, पाठीवर पिशवी घेऊन असा फिरायचा जणू आत काही नाहीच. "गाडी कातळावर उलटते, खडखडाट करते, समोरच्याचं लक्ष जातं. गाड्या म्हाताऱ्यांसाठी."

"नवव्या टोपलीला तुझा हात बघते मी," आकांक्षा म्हणाली. "पिशवीवाले शेवटी शेवटी खांद्याने फेकत नाहीत, नुसते ढकलतात."

आकांक्षा पुण्याची. ही स्पर्धा तिनेच आमच्याकडे आणलेली. गेल्या वर्षी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. चालायचं, फेकायचं, पण ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ती गाडी ओढू शकत होती, उचलू शकत नव्हती. सर्वेशची चेष्टा जिरल्यावर तोच म्हणाला, "तुझी गाडी मी नेईन. साठ पावलं तर आहेत."

काकांची पट्टी त्यांच्या घराच्या परसापासून सरळ वर सड्यावर येते. तिच्या आणि आमच्या मध्ये गडगा आहे, नुसते दगडावर दगड रचलेले, आणि एका जागी आत शिरायला वाट. त्या वाटेशी काका सकाळपासून दगडावर बसून होते, गुडघ्यांवर हात ठेवून. पहिला गट आला. गाड्या डोक्यावर, खांद्यावर घेऊन गेला. दुसरा गेला. मी प्रत्येकाबरोबर चालत होते आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता चाकांकडे बघत होते. कुणाचा पाय अडखळला की मी चाकाखाली हात धरत होते. तिसऱ्या गटातल्या एका काकूंनी मला पाणी देऊ केलं, तर मी त्यांच्यावरच खेकसले की आधी गाडी नीट धरा.

चौथ्या गटात सर्वेश आणि आकांक्षा. पाठीवर स्वतःची पिशवी आणि पुढे दोन्ही हातांत तिची गाडी. तीस पावलं तो बरा गेला. मग त्याचं मनगट वळलं, तोंडातून 'आई गं' निघालं आणि गाडी खाली टेकली. तिथे थोडा उतार आहे. गाडी चार हात घरंगळली आणि धुळीत दोन रेघा उमटल्या, शाळेच्या वहीतल्यासारख्या सरळ.

मी धावले. पायाने त्या रेघा पुसायला लागले, वेड्यासारखी. हे मला आठवलं तरी अजून कानकोंडं होतं.

काका उठले. बाजूची करवंदीची वाळलेली फांदी ओढली, वाटेत आडवी टाकली आणि तिच्यापुढे बसले. "झाला," एवढंच म्हणाले.

मागचे दोन गट पलीकडे उन्हात अडकले. मी काकांपुढे उकिडवी बसले. हात जोडले, रडले, आणि मग चिडले. माझा स्वभाव असाच, रडणं संपायच्या आत भांडण सुरू होतं.

"काका, त्या पोरान चुकान टेकयल्यान. दोन रेघांनी तुमची जमीन खंय जातली? माणसाच्या पाठीचा ऑपरेशन झालाहा, तेच्यार तरी दया करा. चाक चाक काय करतास? चाकान तुमचा काय केल्यान?"

काका माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मला वाटतं, मला खरंच माहीत नाही हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"ता वाक्य माझा न्हय गो," ते म्हणाले. "तुझ्या सासऱ्याचा. चाक गेला की रस्तो झालो."

आणि त्यांनी हाताने खाली दाखवलं. खाली त्यांचं घर. घरापुढे गडगा, छातीएवढा, आणि त्यापुढे आमची जमीन, चाळीस पावलं. त्यानंतर डांबरी रस्ता. त्या गडग्यात एका माणसापुरती फट. एकोणीस वर्षं मी ती फट बघतेय. काकांच्या दारात रिक्षा का येत नाही, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"नर्मदेच्या छातयेत दुखाक लागला," काका म्हणाले. "सकाळचे धा वाजललले. रिक्षा रस्त्यार येवन हुबी. मी दादाक, तुझ्या सासऱ्याक, म्हटलंय, वायच गडगो काढूया, रिक्षा दारात येवंदे. संध्याकाळी मी परत बांधून देतंय. तेका हात जोडलंय, आता तू जोडलंस तसे. तो नाय म्हणालो. मगे खुर्चयेर बसवन चौघांनी न्हेली. त्या फटीत खुर्ची मावना. आडवी केली, उबी केली. ती खुर्चयेरसून सांगी होती, माका खाली ठेवा, मी चलतंय."

त्यांचा हात अजून त्या फटीकडे होता.

"रस्त्यार पोचलंव तेव्हा तिचो हात थंड."

मी तेव्हा कुडाळला माहेरी होते, बाळंतपणाला. सोळा वर्षं झाली. परत आल्यावर सासूबाईंनी सांगितलं होतं, नर्मदाकाकी अटॅकने गेली. गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सुनेला सांगायची नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी बाजूला जाऊन रविराजला फोन लावला.

"तुका माहीत होता? काकींचा?"

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. तो म्हणाला, "मी मुंबैत होतंय गो."

"मी ता नाय विचारलंय."

"बाबा गेले आता. कित्याक ता सगळा?" "तो गडगो काढतंय मी," मी म्हटलं, आणि त्याचा आवाज बदलला. "शर्मिला, काय करतंस तू? गडग्याक हात लावू नको. मी येतंय."

मी फोन कापला. मला त्याची भीती वाटत होती, उगाच कशाला नाही म्हणू? त्याने रागाने बॅग भरली तर? ज्याच्यासाठी ही सगळी धडपड, तोच निघून गेला तर? तरी मी काकांच्या पट्टीतून खाली उतरले, त्या फटीशी गेले आणि वरचा पहिला दगड काढला. तो हातातून निसटला आणि माझा पाय थोडक्यात वाचला.

पाच दगड काढले, दहा काढले. सर्वेश पिशवी टाकून खाली आला आणि काही न विचारता माझ्या शेजारी दगड काढायला लागला. मग आणखी तिघं आले. आकांक्षा बाजूला उभी राहिली. तिला काहीच उचलता येत नव्हतं, म्हणून ती विंचू दिसला की ओरडत होती.

काका सावकाश उतरत आले. मोकळी होत चाललेली जागा बघत उभे राहिले.

"आता कोणाक न्हेवचा आसा?" त्यांनी विचारलं.

टोमणा असता तर मी सोसला असता. पण त्यांना खरंच विचारायचं होतं. सर्वेशच्या हातातला दगड तसाच राहिला.

"तुमका," मी म्हणाले. "उद्या तुमका काय झाला तर? खुर्चयेर नाय न्हेवचे आमी तुमका."

काकांनी पंच्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "ते दगड वाटेत टाकू नकात. कडेक लावा." आणि वर तोंड करून, "त्या माणसांका उन्हात कित्याक ठेवलास? ती फांदी काढा नि जांवदे तेंका."

"आणि चाकां?" मी विचारलं.

"उचलून," काका म्हणाले. "ठरलला ता ठरलला."

मागचे गट गाड्या डोक्यावर घेऊन गेले. आकांक्षाची गाडी या खेपेला दोघांनी धरली. वरून पुन्हा साखळ्यांचा आवाज यायला लागला, पण माझे कान रस्त्याकडे होते.

साडेअकराला आमची व्हॅन आली. रविराज उतरला आणि गडग्यातल्या भगदाडासमोर उभा राहिला. त्याच्या बापाने बांधलेला गडगा, मध्ये आठ हात मोकळा. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही, हातातला दगड कडेला ठेवला. तो ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. तो पायरीवर जाऊन बसलेल्या काकांकडे बघत राहिला.

"थंय कित्याक हुबो रवलंस?" काका पायरीवरून म्हणाले. "हाड गाडी."

रविराज परत गाडीत बसला. कुडाळहून आलेले तिघे मागे गप्प बसून होते. गाडी भगदाडातून आत आली, आमची चाळीस पावलं ओलांडली आणि काकांच्या पायरीशी थांबली. इंजिन बंद झालं. अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

काका उठले. बॉनेटवर तळहात ठेवला. मग मागे वळून त्यांनी रस्त्यापर्यंतची ती जमीन बघितली, पुन्हा गाडीकडे बघितलं, आणि ओठ घट्ट मिटून आवरायला गेले पण त्यांना आवरलं नाही.

"एवढाच होता गो," ते मला म्हणाले. "एवढाच होता."

रविराज गाडीतून उतरलाच नाही. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता.