जपानची शाळा कोण झाडतं?

जपानमध्ये शाळेची साफसफाई कोण करतं, हा स्पर्धेच्या पुस्तिकेतल्या शंभर प्रश्नांपैकी एकसष्टावा. उत्तर, मुलं स्वतः. ज्ञानेश्वरीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ते आलं असतं. महिनाभर मीच तिच्याकडून सगळं घोटून घेतलं होतं.

आमची शाळा ईट गावाच्या पुढं, माळावरच्या वस्तीची. चौथीपर्यंत वर्ग, अठरा पोरं आणि शिकवायला मी एकटी. शिपायाचं पद आमच्या शाळेला कधी मिळालंच नाही. एका संस्थेनं 'जपान जाणून घ्या' अशी प्रश्नमंजुषा काढली, जिल्ह्यात पहिल्या येणाऱ्या मुलाला जपानची सहल. ज्ञानेश्वरी चौथीत, तिचा बाप व्यंकट मेंढरं राखतो. ती तालुक्यात पहिली आली तेव्हा तो शाळेत आला. "बाई, ह्यो देश लई लांब हाय का? लेक एकटी कशी जाईल? ती काय जायाची न्हाय," म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सकाळी पासपोर्टला काय काय कागद लागतात ते विचारत दारात हजर.

आता नोटिशीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं सकाळी पोरं वर्ग झाडतात, मी अंगण झाडते. दुसरं आहे कोण? गेल्या वर्षी कुणीतरी पोरांच्या हातातल्या झाडूचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. आठवड्यात मला नोटीस. विद्यार्थ्यांकडून साफसफाईची कामं करून घेतल्याबद्दल खुलासा सादर करावा, पुन्हा असं आढळल्यास निलंबन. मी घाबरले. शाळेची झाडलोट शिपाई करतो, तो एक दिवस रजेवर होता, असं धडधडीत खोटं लिहून दिलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पोरांना ओळीत उभं करून बजावलं, "कुणी साहेब आले आणि विचारलं तर शिपाई झाडतो म्हणायचं. नाहीतर बाईंची नोकरी जाईल."

जिल्ह्याची शेवटची फेरी कळंबला एका सभागृहात होती. प्रश्न विचारायला एक मोठे साहेब. नाव पुकारलं तसं मी ओळखलं, माझ्या नोटिशीखाली त्यांचीच सही होती. चेहरा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. चांगला हसरा होता. त्यांना एक खोड होती. मुलानं जपानचं बरोबर उत्तर दिलं की ते लगेच विचारायचे, "आणि तुमच्याकडं?" जपानची मुलं शाळेत कशी जातात? चालत. आणि तुम्ही? एक मुलगा म्हणाला, "पप्पा गाडीवर सोडतात," आणि सभागृह हसलं.

ज्ञानेश्वरीनं राजधानी सांगितली, चलन सांगितलं, मोठी चार बेटं एका दमात सांगितली. शेवटी ती आणि कळंबचा रणधीर बरोबरीत राहिले. उरला एकच प्रश्न, आणि पाळी तिची; चुकली की रणधीर पहिला.

"जपानमध्ये शाळेची साफसफाई कोण करतं?"

मी खुर्चीवरून अर्धी उठले होते. आलंच हे, आलंच. ज्ञानेश्वरीनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग साहेबांकडं.

"शिपाई."

"चूक!" साहेब माईक घेऊन पुढं आले. "बघा मंडळी, आपल्या मुलांच्या डोक्यात हेच बसलेलं असतं. झाडणं म्हणजे शिपायाचं काम! जपानची मुलं रोज आपल्या हातानं शाळा झाडतात, म्हणून तो देश पुढं गेला. आपल्याला कामाची लाज वाटते." टाळ्या पडल्या. रणधीरला हार घातला. त्या लेकराचा काही दोष नव्हता, पण मला त्याच्याकडं बघवेना.

मी ज्ञानेश्वरीला दंडाला धरून बाहेर आणलं. माझा आवाज चढलेलाच होता. "अगं, एवढं सोपं! इतक्या वेळा म्हणून घेतलं तुझ्याकडून!"

"बाई, मला येत व्हतं."

"मग?"

ती चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिली. "जपानचं सांगितलं असतं तर सायबांनी लगीच इचारलं असतं, आन् तुमच्या शाळंत? मग म्या काय सांगणार व्हते? खोटं बोलताना माझ्या त्वांडावरनं लगीच कळतं. आय बी वळखती. मग तुमची नोकरी गेली असती."

दहा वर्षांची पोर. विमानात बसायचं सोडून तिनं माझी नोकरी वाचवली, आणि वर तिनंच ऐकून घेतलं की तिला कामाची लाज वाटते. रोज वर्ग झाडणाऱ्या पोरीनं! मला साहेबांचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा आला. ते ओझं तिच्या डोक्यावर मी ठेवलं होतं.

तिला तिथंच उभं करून मी आत गेले. साहेब फोटोला उभे होते. "मॅडम, निकाल लागलाय," ते म्हणाले.

"निकालाचं नाही, साहेब. आमच्या शाळेत शिपाई नाही, कधीच नव्हता. शाळा पोरं झाडतात आणि मी झाडते. गेल्या वर्षीचा माझा खुलासा खोटा होता. ही मुलगी माझ्या भीतीपायी चुकीचं बोलली."

त्यांचं हसू उतरलं. "म्हणजे मुलांकडून काम करून घेता? जपानचं वेगळं, आपले नियम वेगळे. हे लेखी देऊ शकाल?"

"आत्ता देते."

माझ्याकडं कागद नव्हता. मागं वळले तर ज्ञानेश्वरी दारातून आत आलेली, वहीचं पान फाडून पुढं करत होती. मी टेबलावर वाकून लिहिलं. तिनं पायाच्या चवड्यांवर उभं राहून शेवटपर्यंत वाचलं आणि हळूच विचारलं, "बाई, म्या बी सही करू?"

"नाही गं," मी म्हणाले, "इथं माझी एकटीची." आणि सही केली.