सुतापुढची वीत

लाल निशाण दुसऱ्यांदा वर गेलं तेव्हा पंचफुला अजून वाळूतच बसली होती. उडी लांब पडली होती, हे तिला खाली येता येताच कळलं होतं. पण निशाणवाले साहेब वाळूकडे बघतच नव्हते. ते फळीपाशी वाकले होते आणि फळीच्या पुढे, चांगलं पाऊलभर पुढे, तिच्या अनवाणी पायाचा ठसा उमटला होता.

"फाऊल," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

तीन उड्या मिळायच्या, त्यातल्या दोन गेल्या. १९७४चा डिसेंबर होता. शहरातल्या सदर भागातल्या मैदानावर शाळांची विभागीय निवड चालली होती आणि लांब उडीतल्या पहिल्या दोघी राज्य स्पर्धेसाठी पुण्याला जाणार होत्या. बाकीच्या मुलींना हरल्या तर घरी जायचं होतं. पंचफुलाला हरली तर उमरेडला जायचं होतं, कायमचं. तिथल्या एका विणकराच्या घरचं स्थळ आलेलं होतं आणि माघात लग्न उरकायचं घाटत होतं. मुलगा चांगला होता म्हणे. तिचा त्याच्यावर काही राग नव्हता, पण त्याच्या अंगणात उडीचा खड्डा नव्हता. तिचा बाप रामाजी बोलून चुकला होता, "पुन्याले गेली तं कॉलेजात जाय, खेळ, मी कोनाले बोलू देनार नाई. नाई गेली तं मंग माहं आयकाचं." आणि रामाजी शब्दाचा पक्का माणूस होता, दोन्ही बाजूंनी.

रामाजीचा माग सक्करदऱ्याला. गल्लीत पाजणाला ताणा पसरला, म्हणजे उभ्या सुताला खळ लावून ते ताणून ठेवलं, की पोरांना पलीकडे जायला सबंध गल्लीचा वळसा पडे. ही पोरगी वळसा घेत नसे. ताणा जिथे झोळासारखा खाली आलेला असे तिथून धावत येऊन ती पार होई. रामाजीने दोनदा थोबाडीत दिली. तिसऱ्यांदा त्याने आधी धागे तपासले. एकही तुटला नव्हता. मग मात्र त्याने हात उगारला नाही, आणि शाळेच्या खेळाच्या गोपिकाबाई घरी आल्या तेव्हा त्यांना चहाही पाजला.

शाळेकडे धड टेप नव्हता. लांब उडीत धाव कुठून सुरू करायची, हे मापून ठरलेलं असावं लागतं. नाहीतर पाय फळीच्या अलीकडे तरी पडतो, नाहीतर पलीकडे. रामाजीने त्यावर आपल्या जातीचा उपाय काढला. पाजलेलं सूत सहापदरी वळून, सत्तर हात मोजून, दोन्ही टोकांना गाठी मारून दिल्या. एक गाठ फळीवर धरायची, दुसरी जिथे येईल तिथून धावायचं. तीन वर्षं ती त्या सुतावर धावली होती.

तिची खरी आवड तिहेरी उडी. ती तिला कोणी शिकवली नव्हती. मुलांचं बघून उचलली होती. उजवा, पुन्हा उजवा, मग डावा आणि वाळू. मागाच्या पावड्यांवर पाय चालावेत तसे तिचे पाय त्यात आपोआप चालत. गोपिकाबाई म्हणाल्या होत्या, "मुलींना तिहेरी उडी नसते."

"काहून?"

"नियमात नाही."

"नियमात काहून नाई?"

गोपिकाबाई विज्ञानाच्या पदवीधर होत्या. त्यांनी शिट्टी वाजवून तिला पुन्हा लांब उडीच्या फळीकडे पिटाळलं.

आता त्याच गोपिकाबाई लगबगीने तिच्यापाशी आल्या. "तू घाबरलीयस, पंचफुला. घाईने पावलं लांब पडताहेत. शेवटची उडी दमाने घे. जरा हळू धाव."

तिने मान हलवली. पण हळू धावून पुणं गाठता येत नाही, हे तिला माहीत होतं. आणि पावलं लांब पडत नव्हती, हेही. पहिल्या फाऊलनंतर ती चार बोटं मागे सरकली होती. त्याहून मागे जायला मन धजेना. सुताचं माप कधी चुकत नाही, हे ती बापाच्या तोंडून ऐकतच मोठी झाली होती.

दोरीपलीकडे रामाजी उभा होता. धुतलेलं धोतर, काळी टोपी. आयुष्यात प्रथमच तो भर दिवसा माग सोडून कुठे गेला होता. त्याने हाताने बोलावलं.

"सूत आन इकडे."

तिने गुंडाळी दिली. रामाजीने टोक चिमटीत धरलं, अंगठ्याने घासलं, दोन बोटांत ताणून बघितलं. त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं, बाबा?"

"हे आटलं वं, बाई."

"आटलं?"

"मीच धुतलं काल. मातीनं काळंठिक्कर झालं होतं. मनलं, एवढ्या मोठ्या लोकाइच्या समोर माही पोरगी मळकं सूत घेऊन जाईन का?" तो बोलता बोलता खाली बघू लागला. "पाजलेलं सूत पान्यात घालू नये, हे पाच वर्साच्या पोराले समजते आमच्यात. तीस वर्सं मागावर बसलो मी. अन मीच धुतलं, पंचे."

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बापाला बोलावं असं पुष्कळ काही तोंडाशी आलं. पण तिच्या आधी आता तीनच मुली उरल्या होत्या.

"किती आटलं?" तिने विचारलं.

रामाजीने डोळे मिटले. पुन्हा सूत ताणलं, सैल सोडलं, ताणलं. ओठ हलत होते. मैदानावरच्या कुणाला वाटलं असतं, म्हातारा देवाचं नाव घेतोय.

"पस्तीस हाताले एक वीत गेली. तुहे सत्तर हात. दोन विती माघारी सरक."

"नक्की?"

"सुताचं विचारून राहिली ना? मंग नक्की."

एकीकडे बाई सांगत होत्या हळू धाव. दुसरीकडे ज्याने घोटाळा केला तोच माणूस सांगत होता, मागे सरक आणि धाव. दोन विती जास्त झाल्या तर पाय फळीच्या अलीकडे पडणार आणि उमरेड पक्कं. तिने क्षणभर बापाची बोटं बघितली. सुताने चिरलेली, खळीने पांढरी पडलेली. मग ती गेली, फळीपासून सूत लावलं, जिथे गाठ आली तिथून स्वतःच्या हाताने दोन विती मोजल्या आणि मातीत रेघ ओढली.

गोपिकाबाई लांबून काहीतरी ओरडल्या. तिने ऐकलं नाही. ती जीव तोडून धावली.

पांढरं निशाण वर गेलं. पाच मीटर चौदा. दुसरा नंबर, पहिलीच्या मागे चार बोटं.

रामाजीने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली. एवढंच. गोपिकाबाई मात्र रडल्या.

दुपारी मुलांची तिहेरी उडी आटोपली. साहेब मंडळी मांडवात चहाला गेली. टेप गुंडाळून ठेवला गेला होता. पंचफुला मुलांच्या फळीसमोर, खूप मागे, जाऊन उभी राहिली.

"आता काय करून राहिली वं?" रामाजीने विचारलं.

"पाहा तुमी."

उजवा. पुन्हा उजवा. डावा. आणि वाळू.

निशाण हलवायला कोणी नव्हतं. नाव पुकारायलाही कोणी नव्हतं. रामाजी दोरी ओलांडून आत आला. तुटलेला धागा सांधायला त्याच्या खिशात पाजलेल्या सुताची लडी सदा असायची. ती काढून त्याने एक टोक तिला फळीवर धरायला लावलं, दुसरं ठशापर्यंत नेलं आणि गाठ मारली.

"हे धुवाचं नाई," तो म्हणाला. "तरी बी आटनच. कधी मापशीन तं वीतभर जादा धरजो."

पुण्याला ती पाचवी आली. मग कॉलेज, विद्यापीठाची दोन पदकं, एकदा राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं, आणि शिबिराच्या आठव्या दिवशी मोडलेला घोटा. घोटा बसला, पण पूर्वीसारखा नाही. तिने खेळाच्या शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, लग्नही केलं, आपल्या सवडीने. हुडकेश्वरला नवीन शाळा निघाली तिथे ती लागली. रामाजी गेला त्या वर्षी मागाखालचा, तो पाय सोडून बसायचा तो खड्डा बुजवून भावाने वर फरशी बसवली. तिला त्या खोलीत पाय टाकवेना.

१९८६च्या थंडीत तिने शाळेच्या मैदानावर उडीचा खड्डा खणून घेतला. सुतार एक फळी बसवून निघाला, तर तिने त्याला थांबवून दुसरी, बरीच मागे, बसवायला सांगितली. मुख्याध्यापक पाहायला आले.

"मुलींना तिहेरी उडी अजून नाही ना, बाई?"

"नाही, सर."

"मग दुसरी फळी काहून?"

"नियम येईल तेव्हा येईल. तोवर पोरींच्या पायांनी काय करावं?"

मुख्याध्यापक ऑफिसात निघून गेले.

पंचफुलाने पर्समधून कागदाची पुडी काढली. बारा पावसाळे ट्रंकेत पडलेलं सूत पिवळं झालं होतं. नववीतल्या शामलाला तिने एक टोक मागच्या फळीवर धरायला सांगितलं आणि दुसरं घेऊन ती खड्ड्याच्या कडेने चालत गेली. वाळूच्या मध्यावर गाठ आली.

"इथवर कोन आलं होतं, बाई?" शामलाने विचारलं.

"एक पोरगी होती."

"कोनत्या स्पर्धेत?"

"स्पर्धा नव्हती. पण मापलं आहे."

तिने सूत ताणून धरलं. गाठीपाशी अंगठा टेकवला, हात पसरून पुढे एक पुरी वीत घेतली आणि करंगळी टेकली तिथे खुंटी ठोकली.