टेपमध्ये न मावलेला शेवट

तो सिनेमा थिएटरात सपशेल पडला होता. मग वाहिन्यांना तो स्वस्तात मिळाला, त्यांनी दर नाताळला दाखवायला सुरुवात केली, आणि दाखवून दाखवून आपल्याला तो लहानपणापासून आवडतो, हे लोकांच्या लक्षात आलं. आमच्या घरी मात्र तो व्हिडिओ टेपवर होता, बाबांनी स्वतः रेकॉर्ड केलेला, आणि टेप असताना वाहिनीवर बघायचा नाही, असा त्यांचा नियम होता. टेपच्या सुरुवातीला मामाचं लग्न होतं. ते पुसायला आई तयार नव्हती आणि नवी टेप आणायला बाबा. त्यामुळे मामाच्या लग्नातून उरलेल्या जागेत सिनेमा बसवावा लागला, आणि शेवट बाहेर राहिला.

गोष्ट साधी. एक कडक म्हातारा दुकानदार मुलाला घराबाहेर काढतो. नाताळच्या संध्याकाळी मुलगा सुटकेस घेऊन बर्फातून परत येतो, दार ठोठावायला हात उचलतो. इथे आमची टेप संपायची. पडद्यावर मुंग्या यायच्या. बाबा उठून म्हणायचे, "शेवट काय, गोडच असणार. चला, जेवायला."

आम्ही भावंडांनी, आणि आईनेही, तो शेवट शेजारी जाऊन केव्हाच बघून घेतला होता. बाबांना सांगितलं नाही, कारण शेजाऱ्यांकडे जाऊन टीव्ही बघणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आणि त्यांची तत्त्वं लोखंडी पाइपांसारखी होती: जड, सरळ, आतून कधी गंजली ते बाहेरून न कळणारी.

पाइप हा बाबांचा धंदा. नळकामाचं दुकान. दादा त्यांच्याच हाताखाली शिकला. एकदा बाबा बाहेरगावी असताना त्याने घरातले सगळे लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे बसवले. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता. धक्क्यापर्यंत बेत यशस्वी झाला.

"या घरात एक तर हे प्लास्टिक राहील, नाहीतर तू," बाबा म्हणाले.

प्लास्टिक राहिलं.

दादाने दोन बसथांबे पलीकडे स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही. पाइप एकदाही गळले नाहीत, ही गोष्ट बाबांच्या फार जिव्हारी लागली.

यंदा आईने मनावर घेतलं. "पोराला भेटायला मी दर आठवड्याला गुडघेदुखीच्या डॉक्टरकडे जाते," ती मला म्हणाली. "एवढे गुडघे कोणाचे दुखतात? या नाताळला हेच त्याला फोन करणार."

"आणि नाही केला तर?"

"बघतेच कसे करत नाहीत."

नव्या टीव्हीवर आता तो सिनेमा अख्खा मिळत होता. आईने रिमोट शिकून घेतला आणि नाताळच्या दुपारी बाबा आणि दार यांच्या मधली खुर्ची धरून बसली. पडद्यावरच्या मुलाने हात उचलला. बाबा सवयीने उठले.

"शेवट काय, गोडच..."

"बसा."

"अगं, जेवायचं..."

"स्वयंपाक केलेला नाही."

बाबा बसले. पडद्यावर दार उघडलं. म्हातारा उंबऱ्यावर आला. मग त्याने मुलाच्या हातातली सुटकेस घेतली आणि म्हणाला, "चुकलं माझं. आत ये."

"हॅ!" बाबा म्हणाले. "असं कोण बोलतं?"

आईने सिनेमा मागे नेला. म्हाताऱ्याचं पुन्हा चुकलं. तिने पुन्हा मागे नेला.

"अगं, किती वेळा चुकणार आहे तो?"

"तुम्ही फोन करेपर्यंत. धाकटे, लाव गं दादाला."

मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो मापं घ्यायची पट्टी धरावी तसा धरला.

"मी बोलतोय."

पलीकडे दुकानात पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, "बोला, बाबा."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने रिमोट उचलला.

"तो आपला सिनेमा," बाबा घाईने म्हणाले. "शेवट सापडलाय. मुलगा दार ठोठावतो, म्हातारा उघडतो, सुटकेस घेतो, दोघं आत जातात. संपलं."

"मधलं एक वाक्य राहिलं, बाबा."

"म्हणजे तू बघितलायस?"

"शाळेत असताना. शेजारी."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस!" हक्काचा राग हाताशी आल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. आई खाकरली. तरतरी गेली.

"पाइप गळत नाहीत," बाबा म्हणाले. "सांगतो आपलं."

"बरंय. पण वाक्य राहिलं."

दादाही शेवटी त्यांच्याच दुकानात तयार झालेला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"चुकलं माझं," गिऱ्हाइकाला नळाचं माप सांगावं तशा आवाजात बाबा म्हणाले. मग घाईने, "असं तो म्हातारा म्हणतो."

"म्हातारा म्हणतो होय?"

आई खुर्चीतून उठली. बाबांनी हाताने तिला थांबवलं, फोन तोंडाजवळ आणला.

"मी म्हणतोय. मी. कानात बोळे घातलेत का? ये घरी."

फोनमध्ये किल्ल्या वाजल्या. मग दुकानाचं शटर खाली ओढल्याचा कर्कश आवाज आमच्या खोलीभर झाला.

बाबांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"शटरला तेल घालत नाही गाढव," ते म्हणाले आणि दार उघडायला उठले.