कोळशाच्या मोटारीचा भाता

मित्रांनो, भाता म्हटले की तुम्हाला लोहाराच्या भट्टीवरचा चामड्याचा भाता आठवेल. मी त्याच कुळातला, पण लोखंडाचा, आणि आता पुष्कळ जुना झालेला. माझ्या पोटात दोन पाती आहेत. प्रत्येक पाते भुईमुगाच्या शेंगेसारखे, मध्ये चेपलेले. ती दोन्ही जेमतेम दोऱ्याएवढे अंतर राखून, एकमेकांना न शिवता फिरतात आणि एका बाजूने हवा ओढून दुसऱ्या बाजूला जोराने लोटतात. मोटारीच्या इंजिनात अशी हवा लोटणाऱ्या यंत्राला आज सुपरचार्जर म्हणतात. आमच्या पाथरीत तेव्हा हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. मला सगळे भाताच म्हणत.

माझा जन्म विलायतेतल्या एका ओतशाळेत झाला. बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने मी मानवतला आलो. त्या काळी आपल्याकडे निजामाचे राज्य होते आणि मानवतचा कापूस दूरदूरपर्यंत जात असे. तिथल्या एका जिनिंग कारखान्यात मला लोहारकामाच्या भट्टीला जोडले. मला सांभाळत मुंजाजी मिस्त्री. ते मूळचे पाथरीचे, उंच, सडपातळ आणि फार कमी बोलणारे. रोज सकाळी ते माझ्या दोन्ही टोकांना तेल घालत. मग लाकडी काठीचे एक टोक माझ्या अंगाला आणि दुसरे आपल्या कानाला लावून माझा आवाज ऐकत. बरा वाटला की मान हलवत. त्यांची मान हलली की आपला दिवस चांगला जाणार, असे मला वाटे.

पण कापसातून सरकी काढणारी यंत्रे त्या कारखान्यात दिवसभर धडधडत. वीस वर्षांत त्या आवाजाने मिस्त्रींचे कान गेले. आधी त्यांना वाटले, काठीच खराब झाली आहे. त्यांनी तीन काठ्या बदलल्या. मग एके सकाळी काठी लावून ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मी नेहमीसारखा गुणगुणत होतो. त्यांनी काठी खाली ठेवली आणि पुन्हा कधी उचलली नाही.

ऐकू न येणाऱ्या माणसाने चालत्या यंत्रांत वावरणे धोक्याचे, असे म्हणून मालकांनी त्यांना घरी बसवले. त्याच सुमारास भट्टीला नवे यंत्र आले होते आणि मी कोपऱ्यात पडलो होतो. जाताना काय हवे, असे विचारल्यावर मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवले. व्यवस्थापक हसले. मी बैलगाडीतून पाथरीला आलो आणि मिस्त्रींच्या अंगणातल्या लिंबाखाली विसावलो.

मिस्त्रींच्या पत्नी कासाबाई यांनी मला पाहिले आणि कपाळाला हात लावला. घरात पाय ठेवायला जागा नाही, हे धूड कशाला, असे त्या म्हणाल्या. मिस्त्रींना ते ऐकू गेले नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्यावर गोणपाट घातले ते कासाबाईंनीच. त्या नवऱ्याशी हातवाऱ्यांनी बोलत. मिस्त्री त्यांच्या ओठांकडे बघून उत्तर देत.

त्रेचाळीस साल उजाडले. दूर देशांत मोठी लढाई चालली होती आणि पेट्रोल मिळेनासे झाले होते. पाथरीत डॉक्टर दिनकरराव यांची एक जुनी मोटार होती. त्यांनी तिच्या मागे पिंपाएवढी भट्टी बसवून घेतली. भट्टीत लाकडाचा लोणारी कोळसा कोंडून जाळायचा आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवायचे. सपाटीवर मोटार कशीबशी चाले, पण कोळशाच्या वायूत पेट्रोलची निम्मी ताकद नसते. गोदाकाठच्या गावांच्या वाटेवर काळ्या मातीची एक उंच चढण लागे. तिथे मोटार हटकून दम सोडी. मग जवळच्या शेतातले सटवाजी आपली बैलजोडी आणत आणि डॉक्टरांची मोटार दोरीने ओढून वर काढत. बघायला माणसे जमत.

त्या उन्हाळ्यात गोदाकाठी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. लस आगगाडीने मानवत रोड स्थानकात येई आणि डॉक्टर ती गावोगाव टोचत. पण बैलांची वाट बघण्यात दिवस सरे आणि एका गावाच्या पुढे जाणे होत नसे. मृग लागला की काळ्या रानातल्या वाटा बंद होणार होत्या.

याच दिवसांत कासाबाईंनी मिस्त्रींना कानांच्या औषधासाठी डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी कान तपासले आणि नुसती मान हलवली. मिस्त्री समजले. उठता उठता त्यांची नजर मेजावरच्या एका विलायती मासिकावर पडली. त्यात शर्यतीच्या मोटारीचे चित्र होते आणि मोटारीच्या नाकापुढे एक लोखंडी गोळा बसवला होता. मिस्त्री त्या चित्राकडे बघतच राहिले. अगदी तसाच गोळा त्यांनी वीस वर्षे तेल घालून सांभाळला होता. डॉक्टरांनी मजकूर वाचून हातवारे करून समजावले की ते यंत्र इंजिनात जास्त हवा कोंबते, म्हणून इंजिनाला जोर येतो.

"आसला भाता माझ्यापाशी हाय," मिस्त्री म्हणाले. "मोटार द्या. मृगाच्या आत चढणीवर चढवून देतो."

डॉक्टरांचे ड्रायव्हर लिंबाजी यांना हे पटले नाही. आहे ती मोटारही मोडून बसली तर साथीत करायचे काय, असा त्यांचा सवाल होता, आणि तो खोटा नव्हता. डॉक्टरांनी दोन दिवस विचार केला. शेवटी त्यांनी मोटार मिस्त्रींच्या अंगणात आणून उभी केली आणि पुढचे आठ दिवस स्वतः घोड्यावर बसून गावे केली.

मित्रांनो, ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. मिस्त्रींनी मला पूर्ण उघडले, रॉकेलने धुतले, पाती पुसली. मोटारीच्या इंजिनावरच्या झाकणाची डावी बाजू काढून तिथे बसायला त्यांनी मला लोखंडी पट्ट्यांची बैठक केली. इंजिनाच्या चाकावरून चामड्याचा पट्टा माझ्या चाकावर घातला. पत्रा वळवून नळ्या केल्या आणि त्यांचे सांधे अंबाडीचा दोरा आणि सफेद्याचे लुकण भरून बुजवले. आता भट्टीतला वायू हवेत मिसळून माझ्याकडे येणार आणि मी तो जोराने इंजिनात लोटणार होतो. कासाबाई भाकरी घेऊन यायच्या आणि ती थंड होईपर्यंत तिथेच बसायच्या.

नवव्या दिवशी आम्ही चढणीला गेलो. सटवाजी बैल घेऊन उभे होते, शेजारच्या गावातली माणसेही आली होती. लिंबाजींनी मोटार चढणीला घातली, मिस्त्री आणि कासाबाई तिच्या शेजारून चालू लागले. मी फिरू लागलो. इंजिनात जोर आलेला मला कळत होता. अर्धी चढण झाली, आणि एकाएकी माझ्या पोटात काहीतरी घासले, पट्टा सरकला आणि मोठा बार झाला. पत्र्याची नळी उडाली. ती धरायला गेलेल्या मिस्त्रींचा पंजा भाजला. मोटार मागे घसरू लागली. सटवाजींनी धावत जाऊन चाकामागे दगड लावला म्हणून ती थांबली.

लिंबाजी खाली उतरले. ते घाबरले होते आणि घाबरल्यामुळे चिडले होते. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "बहिऱ्याच्या हाती यंत्र देयाचं म्हंजे आंधळ्याच्या हाती गाडी देयाचं झालं."

दोघे-तिघे हसले. मिस्त्रींनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि मग कासाबाईंकडे वळून विचारले, "काय म्हनला त्यो?"

कासाबाईंनी पदराने त्यांच्या पंजावरची काजळी टिपली. "नळी पुन्हा बसवा म्हनला," त्या म्हणाल्या.

मोटार बैलांनी अंगणात ओढून आणली. कासाबाईंनी मिस्त्रींच्या हाताला कोरफड लावली आणि मग त्यांच्या समोर बसून ओठ नीट दिसतील असे बोलल्या. "बार व्हायच्या आदी मला ऐकू आलं होतं. जात्यात खडा अडकल्यावानी आवाज यायला होता. मला यंत्रातलं काय कळतंय म्हनून मी बोलले न्हाई."

मिस्त्री उठून माझ्यापाशी आले. नंतर एका हाताने त्यांनी मला उघडले. पात्यांच्या मध्ये डांबरासारखी काजळी साचली होती. वायू नीट गाळला गेला नव्हता. कासाबाईंना ऐकू आलेला खडा तो हाच.

दुसऱ्या दिवशी कासाबाई स्वतः येडबा धनगराच्या मेंढवाड्यावर गेल्या आणि लोकर घेऊन आल्या. एका पिंपात ती लोकर ठासून भरली आणि वायू थंड झाल्यावर तिच्यातून गाळून घ्यायचा असे ठरले. पुन्हा बार झाला तर नळी उडू नये म्हणून मिस्त्रींनी नळीला एक भोक ठेवले आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेले झाकण बसवले. त्यासाठी कासाबाईंनी आपल्या पितळी डब्याचे झाकण दिले. मिस्त्रींचा उजवा हात बांधलेला होता. पाना त्यांच्या डाव्या हातात आणि नट धरायला कासाबाईंची बोटे, असे ते काम झाले. मग कासाबाईंनी ताक घुसळायच्या रवीचा दांडा माझ्या अंगाला लावला आणि दुसरे टोक आपल्या कानाला. इंजिन चालू झाले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"मांजर घुरघुरल्यावानी वाजायलंय," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी ते ओठांवरून वाचले आणि मान हलवली.

या वेळी चढणीवर कुणाला बोलावले नव्हते. डॉक्टर लशीची पेटी मांडीवर घेऊन मागे बसले. लिंबाजी गाडी चालवत होते आणि मिस्त्री शेजारी हवा कमी-जास्त करायचा दांडा धरून होते. कासाबाई आयुष्यात कधी मोटारीत बसल्या नव्हत्या. त्या आत बसायला तयार होईनात. डाव्या बाजूच्या पायदानावर उभ्या राहिल्या, एका हाताने रवीचा दांडा माझ्यावर टेकवला आणि दुसरा हात मिस्त्रींच्या खांद्यावर ठेवला. खांद्यावर एकदा थोपटले म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे हवा कमी करा.

चढण सुरू झाली. एक थाप. मोटार पुढे सरकत होती. आधी बार झाला होता ती जागा आली. दोन थापा. मिस्त्रींनी दांडा मागे घेतला. पितळी झाकण एकदा फडफडले आणि बसले. पुन्हा एक थाप. मित्रांनो, माझी पाती फिरत होती, मागची भट्टी लाल झाली होती आणि मला ठाऊक होते की या क्षणी माझ्यावर कुणाचे तरी पूर्ण ध्यान आहे. एखाद्या यंत्राला याहून जास्त काय हवे असते? आम्ही वर पोहोचलो. बैल लावावे लागले नाहीत.

लिंबाजींनी इंजिन बंद केले नाही. ते खाली उतरले, वळसा घालून मिस्त्रींच्या समोर आले आणि ओठ दिसावेत म्हणून सावकाश म्हणाले, "मिस्त्री, चुकलं माझं. त्या दिवशी बोलायला नको होतं."

मिस्त्रींना काही कळेना. त्यांनी कासाबाईंकडे पाहिले. कासाबाई खाली बघून रवीचा दांडा पुसत होत्या.

मृगाचा पाऊस पडायच्या आत डॉक्टरांनी चौदा गावे केली. सगळी माणसे वाचली असे मी सांगणार नाही. काही गावांत आम्ही उशिरा पोहोचलो. पण दिवसाला एक होत होते तिथे दोन आणि कधी तीन गावे होऊ लागली. लोक मोटारीच्या उघड्या बाजूला वाकून मला बघत. बायका मला हळदीकुंकू लावत. मानवतच्या कारखान्यातूनही एकदा माणूस आला आणि मिस्त्रींना नळ्यांची रचना विचारून गेला.

तीन वर्षे मी त्या मोटारीवर होतो. मग लढाई संपली आणि पेट्रोल हळूहळू मिळू लागले. मागची भट्टी निघाली, तसा मीही निघालो. डॉक्टरांनी मला स्वतः मिस्त्रींच्या घरी पोहोचवले. पुन्हा लिंबाचे झाड आणि गोणपाट. सुरुवातीला तेल मिळे. पण मिस्त्री थकत चालले होते. पुढे पुढे कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांची गावोगाव धास्ती पसरली. कोण केव्हा येईल आणि काय नेईल याचा भरवसा राहिला नाही. माणसे हद्द ओलांडून वऱ्हाडात जाऊ लागली. मिस्त्री आणि कासाबाईही एका गाडीत बसून निघाले. गाडीत माझ्यासाठी जागा नव्हती. मिस्त्रींनी माझ्यावर कडबा रचला. मी पावसाळाभर भिजलो. माझी पाती गंजून एकमेकांना चिकटली. कुणीतरी येऊन घर धुऊन नेले. दाराची फळीसुद्धा ठेवली नाही. मला मात्र कुणी हलवले नाही. बहुधा मी कुणाच्या उपयोगाचा वाटलो नसेन.

निजामाचे राज्य गेले आणि दिवाळीच्या तोंडावर दोघे परत आले. कासाबाईंनी रिकामे घर पाहिले आणि त्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. मिस्त्री माझ्याकडे आले, कडबा बाजूला केला आणि माझे चाक फिरवून बघितले. ते हलले नाही. त्यांनी लिंबाजींकडून थोडे रॉकेल मागून आणले आणि माझ्यात ओतले. चार दिवस ते रोज ओतत होते आणि रोज चाक थोडे हलवून बघत होते. पाचव्या दिवशी पाती सुटली.

अंगणातली लाकडे ओली होती आणि चूल काही केल्या पेटत नव्हती; इतके दिवस दोघांनी शेजाऱ्यांच्या भाकरीवर काढले होते. मिस्त्रींनी मला ओढत चुलीपाशी नेले, नळीचा एक तुकडा जोडला आणि चाक फिरवले. मी फुंकर घातली. आधी नुसता धूर झाला, कासाबाईंचे डोळे भरून आले. मग लाकडांनी पेट घेतला. मोटारीला चढणीवर नेणारा मी, त्या दिवशी एका चुलीला फुंकर घालत होतो, आणि मला जराही कमीपणा वाटला नाही.

मित्रांनो, तुमच्या घराच्या अडगळीत एखादे यंत्र पडले असेल. त्यावरचे गोणपाट काढा, थोडे तेल द्या आणि हाताने एकदा फिरवून बघा. लगेच फिरले नाही तर सोडू नका. चार दिवस लागतील, कदाचित पाच. त्या संध्याकाळी मिस्त्री चाक फिरवत राहिले, कासाबाई भाकरी थापत राहिल्या आणि रिकाम्या घरात पहिल्या भाकरीचा वास सुटला.