मनसारामचा डोंगा आणि सावलीतले मासे

मित्रांनो, जरा हळू बोलतो. मी मनसाराम ढिवराचा जुना डोंगा. सध्या बांधावर उपडा पडलोय आणि माझ्या पोटाखाली कोंबडी अंड्यांवर बसली आहे.

मोहाच्या अख्ख्या खोडातून मला कोरलं. आमचा तलाव सावली गावापासून दोन कोसांवर. त्यात पाणगवत इतकं, की माझं पोट सारखं अडायचं. मी कुरकुरायचो, मनसाराम चिडायचा. शेवटी चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यानं सगळं गवत मुळासकट उपटलं. फक्त बायकांच्या घाटावरचं राहिलं. "आमच्या आडोशाले हात लावसान तं पाहा," असं त्याची बायको गोकुळाच म्हणाली होती. मी मात्र मोकळ्या पाण्यावर मिरवत होतो!

वैशाखात त्यांच्या लेकीला, मैनाला बघायला चामोर्शीचे पाहुणे यायचे होते. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी ताटात मासा नाही, म्हणजे सोयरीक मोडलीच. आणि नेमकं त्या सकाळी जाळ्यात काय आलं? चप्पल. तीही मनसारामचीच, गेल्या साली हरवलेली.

"मासे गेले कुठी?" तो ओरडला.

गोकुळा काठावर भांडी घासत होती. "सावलीत गेले असतीन."

झालं! कोणीतरी मासे चोरून सावलीच्या बाजारात नेले, असं समजून गडी सायकलवर निघाला. तिथल्या प्रत्येक टोपलीत डोकावून, चार शिव्या खाऊन परतला.

"अवो, गवताच्या सावलीत!" गोकुळानं कपाळावर हात मारला. "पान्यात हात घालून पाहा. आंघोळीले थंड पान्याचं इसन लागन एवढं तापलं. मासा काऊन राहीन तिथी?"

थंड पाणी उरलं होतं ते बायकांच्या घाटावर, आणि तिथं पुरुषांना बंदी. मग गोकुळाच माझ्यात चढली. मी गरागरा फिरलो, जाळं अर्धं तिच्याच डोक्यावर पडलं, पण तीन मोठ्या मरळी मिळाल्या. मला फार लाज वाटली. माझ्या पोटाच्या लाडापायी मासे बेघर झाले होते.

पाहुण्यांनी बोटं चाटली. "कुठी भेटल्या जी?"

बायकांचा घाट सांगायचा कसा? "सावलीत," मनसाराम पुटपुटला.

"म्हंजे ढिवर असून बाजारातून इकत आनल्या?" पाहुण्याचा हात ताटावरच थांबला.

"नाई जी, म्या धरल्या!" गोकुळा आतून कडाडली.

नवऱ्या मुलाची आई खदखदून हसली. "मायच अशी, तं पोरगी पक्की!"

त्या पावसाळ्यात मनसारामनं गवत पुन्हा लावलं. माझं पोट पुन्हा अडू लागलं, पण मी चकार शब्द काढला नाही. मित्रांनो, गवत उपटण्याआधी त्याच्या सावलीत कोण बसलंय ते बघत जा. आणि उद्या मला सरळ करायला आलात, तर आधी कोंबडीला विचारा.