विसणाचं पाणी

बोरीतल्या दिनकररावांच्या घरात अंघोळीचं पाणी मनकर्णाच्या हातात होतं, आणि हे एकवीस वर्षं असंच चाललं होतं. दिनकरराव म्हणजे तिचे धाकटे दीर. थोरला, म्हणजे मनकर्णाचा नवरा, पटकीच्या साथीत गेला तेव्हा ती विशीतली होती. पदरात लेकरू नाही, नावावर वावर नाही. अशा बाईनं मोठ्या घरात राहायचं तर कशाच्या जोरावर? मेलेल्या नवऱ्याच्या नावानं कुणी जन्मभर भाकर घालत नसतं. मनकर्णा राहिली ती बंबाच्या जोरावर.

कोंबडं आरवायच्या आधी ती उठायची. तांब्याच्या बंबाची राख काढायची, मधल्या नळीत तुराट्या आणि गोवरीचे तुकडे सोडायची, आणि पाणी कितपत आलं ते धुराच्या वासावरून सांगायची. सासूला कडक पाणी, दिराला त्याहून कडक, पाहुण्याला त्याच्या तोंडाकडं बघून. बादलीत आधी कढत पाणी, मग वरून विसण. विसण म्हणजे कढताचा चटका मोडायला घालायचं गार पाणी. हे उलटं करायचं नसतं. आधी गार आणि वरून कढत, असं पाणी घालतात ते मढ्याच्या अंघोळीला, आणि आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाकी घरात कुणी कधी पाण्यात बोट बुडवून बघितलं नव्हतं. तयार बादली घ्यायची, अंगावर ओतायची, मोकळं व्हायचं.

आता मनकर्णा काही देवमाणूस नव्हती, हेही सांगून टाकतो. धाकटी जाऊ, म्हणजे दिनकररावांची बायको विमला, परभणीच्या कोर्टातल्या कारकुनाची लेक. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं मनकर्णानं तिला शेवटची बादली दिली. तीसुद्धा कोमट. विमलेनं "आक्का, पाणी झालं का?" विचारलं की ही हटकून भांड्याचा आवाज करायची, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणता यावं. विमलेला हे कळत होतं. तिनं डूख धरला, आणि जावेनं धरलेला डूख सापाला लाजवील.

हैदराबाद राज्य मोडून दुसरं वर्ष चालू होतं. सरकारचे विकासवाले जीपमधून गावोगाव हिंडत होते. त्यांनी दिनकररावांना घोळात घेतलं. गोठ्यात बारा जनावरं, शेणाला तोटा नाही, म्हणून गोठ्यामागं खड्डा खणला, त्यात शेणाचा काला सोडला, वर लोखंडाची टोपी बसवली आणि टोपीतून नळी घरात आणली. शेणाचा गॅस, काडी लावली की निळा जळतो. चूल झाली. मग विमलेनं नवऱ्याच्या कानाशी भुणभुण लावली, की मुंबईला माझ्या मामांकडं न्हाणीत गॅसवर पाणी तापतं, तोटी फिरवली की कढत. दिनकरराव मुळात हौशी. त्यांनी परभणीच्या तांबटाकडून तांब्याच्या नळीचं वेटोळं करून आणलं, त्याला पत्र्याचा डबा केला, डब्याखाली गॅसची शेगडी बसवली आणि सगळं न्हाणीच्या भिंतीला ठोकलं. माळवदावर पाण्याचं पिंप ठेवलं. पिंपातलं पाणी वेटोळ्यातून फिरून येईपर्यंत तापायचं आणि खाली बादलीत पडायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्र चालू झालं. दिनकररावांनी सगळ्यांना न्हाणीच्या दारात उभं केलं, काडी ओढली, तोटी फिरवली आणि मनकर्णाकडं वळून म्हणाले,

"वैनी, सुटलात बघा धुरातनं. आता पाथरीला बन्सीधरकडं जाऊन निवांत राहा. दसरा झाला की मी चिठ्ठीच टाकतो त्याला."

बन्सीधर मनकर्णाचा भाऊ. नवरा गेल्यावर ती एक वर्ष त्याच्याकडं राहिली होती. भावजयीनं तिला गोठ्यालगतच्या सपरात टाकलं होतं, आणि शिळ्या भाकरीवर राबवून वर "खायला काळ" म्हणून हाका मारल्या होत्या. त्या दारात पुन्हा जाण्यापेक्षा आड जवळ केलेला बरा, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं. आणि हा म्हणतो निवांत. गरज सरो नि वैद्य मरो, एवढंच होतं ते.

विमला दाराला टेकून हसत होती. मनकर्णानं तिच्याकडं बघितलं नाही. ती तोटीकडं बघत होती. आधी गार पाणी आलं, चांगलं दोन तांबे गार. मग कोमट झालं. मग वाफा निघायला लागल्या. सगळं एकाच बादलीत, खाली गार आणि वर कढत.

एकवीस वर्षं पाण्यात काढलेली बाई. तिला उभ्या जागी दोन गोष्टी कळल्या. एक, हे पाणी मढ्याचं आहे. आणि दुसरी, यात काही अवघड नाही. पहिलं गार पाणी बाजूला घागरीत धरायचं, नंतर बादलीत कढत घ्यायचं, आणि घागरीतलं पाणी वरून विसणाला घालायचं. थेंबही वाया जात नाही. दुसरी गोष्ट मनकर्णानं गिळली. पहिली घेऊन ती सासूकडं गेली.

सासू पार्वतीबाई ओसरीवर सुपारी कातरत बसली होती.

"आत्याबाई," मनकर्णा म्हणाली, "आदी गार आन् वरून कढत, असं पाणी कुणाला घालत्यात?"

अडकित्ता थांबला. "मढ्याला. का गं?"

"न्हाई, न्हाणीत तसंच यायलंय म्हणून इचारलं. तुमी जाऊन बोट घालून बघा."

म्हातारीनं जाऊन बोट घातलं. त्यानंतर तिनं त्या न्हाणीत पाऊल टाकलं नाही. बोरीत बातमीला पाय लावावे लागत नाहीत. दसऱ्याचं सोनं द्यायला आलेला जो तो "मढ्याचं पाणी बघू" म्हणून आत डोकावून गेला. दिनकरराव चिडले, लेक्चर दिलं, पण आईपुढं त्यांचं काय चालतंय? दोन दिवसांनी तेही गुपचूप बंबाच्या पाण्यावर आले. तोटी तीच, पाणी तेच, पण एकदा पाण्याला मढ्याचं म्हटलं की पुन्हा तपासायला कोण जातो? पाथरीची चिठ्ठी राहिली ती राहिलीच.

एकटी विमला जिद्दीला पेटून त्याच पाण्यानं अंघोळ करायची. ओले केस सोडून अंगणात आली की सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, "मढ्याचं पाणी अंगावर घेती, मग कूस कशी उजंल? दिनकरला दुसरी करावी लागंल." यंत्र येऊन आठ दिवस झाले होते आणि कूस चार वर्षांची रिकामी होती, पण हा हिशेब म्हातारीला कोण शिकवणार. विमला पांढरी पडायची. मनकर्णा बंबात तुराटी सारायची आणि ऐकायची. दोन शब्दांत तिला हे मिटवता आलं असतं. तिनं मिटवलं नाही, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही.

दिवाळी चार दिवसांवर आली. उटणं कुटून झालं होतं. संध्याकाळी देवापुढं दिवा लावून विमला सासूसमोर येऊन बसली. आवाज एकदम गोड.

"आत्याबाई, शास्त्र पाळायचं तर अर्धवट कशाला पाळायचं? नरकचतुर्दशीचं मंगलस्नान आहे. घरात मी सवाष्ण असताना ते पाणी विधवेच्या हातानं तापवायचं का?"

मनकर्णा दारातच होती. एकवीस दिवाळ्या तिनं तापवलेल्या पाण्यानं साजऱ्या झाल्या होत्या आणि कुणाच्या तोंडातून ब्र निघाला नव्हता. तेव्हा कुणाला शास्त्राची गरज नव्हती. शास्त्र घरात कुणी आणलं? तिनंच आणलं होतं, दसऱ्याला, न्हाणीतून उचलून ओसरीवर. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. तिनं सासूकडं बघितलं. पार्वतीबाई स्वतः विधवा. पण ती सासू पडली, तिला कोण बोलणार?

"खरं हाय तिचं," म्हातारी म्हणाली. "मनकर्णे, बंबाला हात लावू नगंस आता."

"दिवाळीपुरतं का कायमचं, आत्याबाई?"

"ते मागून बघू."

मागून बघू म्हणजे कायमचं, हे मनकर्णाला कळलं.

नरकचतुर्दशीला विमला पहाटे उठली. बंब पेटवायला काय लागतं, तिला वाटलं. तिनं मधली नळी तुराट्यांनी गच्च भरली, वर गोवऱ्या कोंबल्या आणि रॉकेल ओतून काडी लावली. भडका झाला नि विझला. मग नुसता धूर. दिनकरराव अंगाला तेल-उटणं चोळून अंगणात कुडकुडत बसलेले, सूर्य उगवायच्या आत अंघोळ नाही झाली तर नरकात जायची पाळी, आणि बंब काही धरेना. पूर्वेला तांबडं फुटायला लागलं तेव्हा विमला मनकर्णाच्या खोलीच्या दारात आली. डोळे लाल, गालावर काजळी.

"आक्का, बंब धरत नाही."

मनकर्णा अंथरुणावर मांडी घालून बसली होती. "मी इधवा हाय, बाई. माझा हात चालत न्हाई."

विमला गेली. मग सासू आली.

"ऊठ मनकर्णे. सणाचा दिस हाय."

"तुमीच म्हणालात, हात लावू नगंस."

"आता मीच म्हणतीय, ऊठ."

"न्हाई उठत."

एकवीस वर्षांत त्या घरात तिनं पहिल्यांदा नकार दिला. न्हाणीत यंत्र तसंच होतं, पिंप भरलेलं, टोपी गॅसनं वर आलेली. एक काडी ओढली असती तर घरादाराला पुरून उरेल इतकं कढत पाणी. पण सणाच्या दिवशी मढ्याचं पाणी अंगावर घ्यायची छाती कुणाची होती? खुद्द विमलेचीही झाली नाही. ऊन अंगणात आलं आणि दिनकररावांनी दात वाजवत आडाचं गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं. मनकर्णाला आतून सगळं ऐकू येत होतं, आणि तिला लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं. दुपारी दिनकररावांनी पाथरीला माणूस धाडला. बंबाला कडूबाई नावाची गावातली मोलकरीण ठेवली. सवाष्ण होती, तरणी होती, दोन सकाळी धुरात खोकली आणि तिसऱ्या सकाळी तिचा बंब बिनधूर पेटला. मनकर्णानं तो खोलीच्या खिडकीतून बघितला. ज्या विद्येवर तिनं जन्म काढला ती तीन दिवसांत येण्यासारखी होती, हे तिला तेव्हा कळलं. पाथरीच्या नावापेक्षा हे तिला जास्त लागलं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी बन्सीधर आला. सकाळी मनकर्णानं त्याला ओवाळलं. त्यानं ताटात लुगडं ठेवलं आणि खाली मान घालून म्हणाला, "आवर आक्का, फाट्यावरनं मोटार धरायची हाय." बोचकं रात्रीच बांधून झालं होतं.

"अंगावर पाणी घेते," ती म्हणाली, आणि कडूबाईच्या बंबाकडं न बघता एक रिकामी घागर उचलून न्हाणीत शिरली.

काडी ओढल्याचा आवाज झाला तशी विमला धावत आली.

"आक्का, हे काय करताय? सणाचं?"

"दार लावून घे, आन् बघ."

मनकर्णानं तोटीखाली घागर धरली. गार पाणी घागरीत पडलं. ते कोमट व्हायला लागलं तशी तिनं घागर बाजूला सारली आणि बादली सरकवली. कढत पाणी वाफा सोडत बादलीत पडत राहिलं. बादली पाऊण भरल्यावर तिनं तोटी बंद केली, गॅसची चावी फिरवली, आणि घागर उचलून गार पाणी वरून बादलीत ओतलं.

"आदी कढत, मग इसण," ती म्हणाली. "कुठं हाय ह्यात मढं?"

विमला बादलीकडं बघत राहिली. ती शहाणी होती, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. सासूची ती सगळी बोलणी, ते दुसरी करायचं, दिवाळीची सकाळ, सगळं तिच्या तोंडावर एकामागून एक येऊन गेलं.

"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"पैल्या दिवसापासून."

"आणि माझ्या कुशीवरून रोज बोलणी बसत होती, ती तुम्ही ऐकत बसलात? एक शब्द नाही बोललात?"

"बोलले असते तर दसऱ्यालाच पाथरीला गेले असते," मनकर्णा म्हणाली. "न्हाई बोलले म्हणून वीस दिस जास्त ऱ्हायले ह्या घरात."

विमलेला शिवी द्यायची होती की रडायचं होतं, तिचं तिलाच कळत नव्हतं. मनकर्णानं पदर खोचला आणि तांब्या हातात घेतला.

"जा, सांग तुझ्या सासूला. म्हणंल, सून हुशार निघाली. पण एक ध्यानात ठेव. मला ह्या घरात पाण्यासाठी ठेवली होती, पाण्याची सोय झाली तशी काढली. तुला कशासाठी आणलीय ते तुला ठाव हाय."

बाहेरून बन्सीधरनं हाक मारली. विमला दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. मनकर्णानं पहिला तांब्या खांद्यावर ओतला. पाणी अगदी बेताचं झालं होतं.