चकत्यांचे तीन जोड

वहिदा शुक्रवारी सकाळी चिकलठाण्याला माझ्या दारात आली आणि गाडीवरून उतरायच्या आधीच म्हणाली, "भाऊजी, हँडल खाली करून द्या. वळताना माझा हात पुरत नाय. काल वस्तीच्या उतारावर पडता पडता वाचले."

वहिदा सिल्लोडकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. माझी बायको सारजा तिथंच अकरा वर्षं नर्स होती. डोंगरातल्या वस्त्यांना रस्ता नाही, नुसते दगड आहेत. स्कूटर तिथं पोटावर आपटते, म्हणून सारजानं डोंगरात चालणारी ही उंच मोटारसायकल घेतली होती. ती गेल्यावर तिच्या वस्त्या वहिदाकडं आल्या. गाडी मी वहिदाला देऊन टाकली.

"सोमवारी लसीकरण आहे," ती म्हणाली. "लसीचा डबा घेऊन वर जायचंय."

"कुठल्याही मेकॅनिककडून करून घे. चार बोल्टचं काम आहे."

"गेले होते. तो म्हणतो, हँडलखाली कुणीतरी चकत्या घातल्यात, ज्यानं घातल्या त्याच्याकडं जा."

त्या मीच घातल्या होत्या. मी वाळूजला एका कंपनीत लेथवर आहे. मागच्या उन्हाळ्यात सारजा म्हणाली, वस्तीवरून आलं की पाठ दुखते. मी तिला गाडीवर बसवून बाजूनं बघितलं. हँडल खाली असलं की माणूस पुढं वाकतो आणि भार पाठीवर येतो. मी अॅल्युमिनियमच्या दोन चकत्या कातून आणल्या आणि हँडलच्या क्लॅम्पखाली घातल्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. हँडल एक सेंटिमीटर वर आलं. काही दिवस तिला बरं वाटलं.

पोळ्याच्या सुमारास पुन्हा दुखायला लागलं. मी दुसरा जोड घातला. दिवाळीच्या आधी तिसरा. बोल्ट पुरेनात म्हणून लांब बोल्ट आणले, क्लचची केबल दुसरीकडून फिरवून घेतली. सारजा म्हणायची, "अहो, आता हँडल माझ्या गळ्यापर्यंत येईल." पण बसून बघायची आणि म्हणायची, "आता बरं वाटतंय."

दिवाळीनंतर तिला जेवण जाईना. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या केल्या. आजार पोटात होता, पाठीत नुसत्या कळा येत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "पाठ कधीपासून दुखते?" मी म्हणालो, उन्हाळ्यापासून.

"मग इतके दिवस काय केलं?"

मी म्हणालो, "हँडल उंच केलं."

त्यानंतर सारजा सात आठवडे होती.

मला त्या चकत्यांना हात लावायचा नव्हता. मी वहिदाला म्हणालो, "चकत्या राहू दे. हँडल तुझ्याकडं झुकवून देतो." पान्यानं क्लॅम्प ढिला केला आणि हँडल मागं फिरवलं. ती बसली. तिची मनगटं वाकडी झाली.

"म्हशीची धार काढायला बसल्यासारखं वाटतंय. काढा ना त्या चकत्या, भाऊजी."

"तुझी पाठ दुखते का?"

"नाय."

"खरं सांग."

"नाय दुखत. हात पुरत नाय, एवढंच." मग ती गाडीवरून उतरली. "ताई सगळ्यांना हँडल दाखवायच्या. आमच्या ह्यांनी केलं, म्हणायच्या. पाठ दुखली की मीच त्यांना गोळी द्यायचे. पोटाला हात लावून बघितला नाय कधी. त्या बी नर्स, मी बी नर्स. हँडलचंच दुखणं आहे म्हणत आमी बी बसलो."

मी आत जाऊन जपून ठेवलेले जुने बोल्ट आणले.

सहाच्या सहा चकत्या काढल्या. हँडल पहिल्या जागी ठेवून जुने आखूड बोल्ट हातानंच फिरवून बसवले. तिला बस म्हणालो. आता कोपर थोडं वाकलेलं राहत होतं, तसंच पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून केबल ताणत नाही हे बघितलं. मग मी गाडी धरली आणि तिला पायदानावर उभं राहायला सांगितलं, कारण दगडातून जाताना उभंच राहावं लागतं. ती उभी राहिली आणि तिनं डावा खांदा दाबला.

"काय झालं?"

"काय नाय. चार दिवस झाले, खांदा धरलाय. एका बाळंतिणीला खाटेवरून उचललं तेव्हापासून. आता हँडल खाली आलं ना, दुखायचं राहील."

मी पाना खाली ठेवला.

"आवळा की," ती म्हणाली.

"आधी खांदा दाखवून ये."

"व्हय, सोमवार झाला की जाते."

"उद्या जा. गाडी इथं राहील."

"भाऊजी, मी नर्स आहे!"

"सारजाबी होती."

ती लई चिडली. डबा काय डोक्यावर घेऊन डोंगर चढू का, म्हणाली. ती पर्स उचलून फाट्याकडं चालत गेली, तिनं मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं, आता ही येत नाही. माझ्या हट्टापायी वस्तीवरची लेकरं लसीवाचून राहतील, असंही वाटलं. तरी बोल्ट आवळायला हात होईना.

शनिवारी संध्याकाळी ती आली. कागद सीटवर आपटला.

"वाचा. स्नायू आखडलाय. खांद्याचा फोटो बी काढला. डॉक्टरला म्हटलं, पोट बी दाबून बघा. तो हसला मला."

"बघितलं का पण?"

"बघितलं. काय नाय म्हणून लिहिलंय खाली."

मी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग पाना घेतला आणि चारी बोल्ट आवळले, एकदा अलीकडचा, एकदा पलीकडचा, थोडे थोडे.